पंच्याऐंशीची लेन्स आणि थावराकाकांची जोडी

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं की माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन आपोआप पूर्ण बंद व्हायला लागते. एरवी मी तसा गबाळाच माणूस. पण दसऱ्याच्या आसपास आमच्या मानोरा गावाच्या चहूबाजूंनी थ्रेशर धडधडायला लागतात आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, बारीक, पिवळट धूळ रस्त्यावर, दुचाकीच्या सीटवर, टपरीवरच्या चहाच्या सायीवर येऊन बसते. माणसाला ती नुसती खाजते. मिररलेस कॅमेऱ्याला मात्र ती थेट काळजात लागते, कारण लेन्स काढली की आतला सेन्सर उघडाच. जुन्या कॅमेऱ्यात त्याच्यापुढे निदान आरशाचा आडोसा असायचा, इथे तोही नाही. एक कण बसला की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक फोटोच्या आभाळात तोच करडा ठिपका.

यंदाही तो मोसम आला आहे. काल संध्याकाळी दिवाणावर जुनी चादर अंथरून मी कॅमेऱ्याच्या दोन्ही बॉडी आणि पाचही लेन्स ओळीनं मांडल्या आणि रबरी फुग्यानं एकेकीवर फू फू करत बसलो. बायको दारातून बघत होती. ‘आपल्या पोराला लहानपणी एवढ्या मायेनं पुसलं असतंत तर त्याच्या नाकाला कायम शेंबूड दिसला नसता,’ म्हणाली. तेव्हा पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स माझ्या हातात होती, आणि ती हातात आली की मला दोन वर्षांपूर्वीचा सोंगणीचा मोसम आठवतो.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे गुरांचा डॉक्टर नव्हे, त्याच्या एक पायरी खालचा. पण मानोऱ्याच्या भोवतालच्या बंजारा तांड्यांवर हा फरक कोणी धरत नाही, तिथे मी ‘डाक्टर’च. दुचाकीच्या एका बाजूला लसीची थंड पेटी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची बॅग. एकदा एका गाईचा ताप बघायला थर्मामीटर म्हणून मी लेन्सचं झाकण बाहेर काढलं होतं. ती गाय बरी झाली, पण तिचा मालक अजून मला ते झाकण कुठे लावणार होतात म्हणून विचारतो.

माझ्याकडे दोन बॉडी आहेत. एक लहान सेन्सरची, हलकी, आधी घेतलेली. तिला मी धाकटी म्हणतो, कारण अंगानं ती धाकटी. दुसरी मोठ्या सेन्सरची, जड, रुबाबदार. ती थोरली. घरात या नावांवरून पुष्कळ थट्टा होते. ‘आज कोणती घेऊन चाललात, थोरली की धाकटी?’ हा प्रश्न मी पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकला आहे.

धाकटीबरोबर दुकानातूनच आलेली किट लेन्स म्हणजे घरातली ती मावशी, जिला कोणी कधी आग्रहानं बोलावत नाही आणि जिच्यावाचून कोणाचं लग्न पार पडत नाही. सोळा ते पन्नास. जरा रुंद, जरा जवळ, सगळं जमतं, कशातच डोळे दिपत नाहीत. प्लॅस्टिकची आहे, झूम करताना करकरते. कित्येक महिने मी तिला बॅगेच्या तळाशी सुयांच्या डब्याखाली ठेवली होती. मला तिची लाज वाटायची, हे कबूल करतो.

धाकटीवर पस्तीसची लेन्स लावली की ती समोरच्या बाजेवर बसलेल्या माणसाइतकंच बघते, न जास्त न कमी. तांड्यावरच्या घरांत दारातून आत येतो तेवढाच उजेड असतो. बाहेर ऊन, आत चुलीचा धूर, आणि मध्ये उंबऱ्यावर कोणीतरी तुरीच्या शेंगा सोलत बसलेलं. असल्या अर्ध्या उजेडात ही जोडगोळी कधी कुरकुरली नाही. थोरलीवर मोठी झूम चढवली, सत्तर ते तीनशे, की मात्र काम मजुरीचं. मनगट भरून येतं. पण सोयाबीन निघून गेल्यावर वावरात तुरीची तासं, म्हणजे ओळी, तेवढी उभी राहतात, त्यांना फूल आलेलं असतं आणि पहाटे त्या पिवळ्यातून एखादा रोही, नीलगाय म्हणतात तो, मान वर करून बघतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या लेन्सचं कामच नाही. आणि एक आहे पन्नासची, फिल्मच्या जमान्यातली, सगळी लोखंडी. तिच्या अन् धाकटीच्या मध्ये एक कडं बसवावं लागतं. ही लेन्स स्वतः काही करत नाही, फोकस आपणच हातानं फिरवायचा. वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिनं काढलेला लाल रंग मला दुसऱ्या कुठल्याच लेन्समधून आजवर मिळालेला नाही. तो का येतो हे मला सांगता येत नाही आणि मी शोधतही नाही.

मिररलेसचं आणखी एक आहे, तो आवाज करत नाही. जनावरांपाशी याचा फार उपयोग. माणसांपाशी मात्र पंचाईत. धुरपताकाकूंचा पहिला फोटो काढला तेव्हा त्या श्वास रोखून, मान ताठ करून बसल्या होत्या. मी सहा-सात फोटो काढून मोकळा झालो, स्क्रीनवर बघतही बसलो, आणि त्या आपल्या तशाच. शेवटी त्यांचा चेहरा लाल झाला.

‘आता काढान का नाई?’ त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

‘काढला की काकू. कधीच काढला.’

‘मंग वाजला काहून नाई? फुकट मले कोंडून ठेवलं.’

तेव्हापासून तांड्यावर गेलं की मी कॅमेऱ्यातला खोटा खटका चालू करतो.

धुरपताकाकू म्हणजे तांड्यावरच्या थावराकाकांची बायको. दोघंही साठी ओलांडलेले. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, माझ्याशी आपली वऱ्हाडी. दिवाळी झाली की ते दोघं वर्षानुवर्षं ऊसतोडीला जात, बैलगाडी घेऊन, सोबत भुऱ्या आणि लाख्या ही त्यांची बैलजोडी. भुऱ्या पांढुरका, लांब तोंडाचा, लाख्या तांबडा आणि ठेंगणा. दोघांच्या कानांतले पिवळे टॅग मीच मारलेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपानं चोळायला काका बसत तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून जायचो. भुऱ्याला चोळताना लाख्या त्यांची पाठ चाटत असे.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीची टोळी ट्रकनं जाणार असं ठरलं. गाडी नको म्हणजे बैलही नकोत, आणि सहा महिने घरी त्यांना बघणारं कोणी नाही. वेगळं राहणाऱ्या धाकट्या मुलाचं वावर ट्रॅक्टरवर, त्याला बैल नकोत. जवळच्या इंझोरी गावच्या देवरावांनी जोडी मागितली. माणूस चांगला, दावणीला जनावर उपाशी न ठेवणारा, अशी काकांनी चार ठिकाणी चौकशी केलेली. विक्रीआधी तपासायला मलाच बोलावलं. मी दात पाहिले, खूर पाहिले, दाखला लिहिला. निघताना काका दुचाकीपाशी आले.

‘डाक्टर, एक काम होतं. जोडीचा फोटो काढून द्यान का? उद्या जातेत ते.’

मला आनंद झाला, हे आता लिहिताना बरं वाटत नाही. पण झाला. कारण पंच्याऐंशीची लेन्स नवीकोरी होती, महिनाभरापूर्वीची, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन कुटाराच्या धुळीतून गाळून येत होतं. थोरलीवर पंच्याऐंशी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, एक पूर्णांक आठ. जे या फंदात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लेन्सचं भोक एवढं मोठं उघडलं की चार बोटांच्या जाडीचा पट्टा तेवढा लख्ख येतो, त्याच्या मागचं-पुढचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं. छंदिष्ट लोक या वितळण्यासाठी जीव टाकतात. मीही टाकत होतो. वर थोरलीला जनावराचे डोळे ओळखता येतात. स्क्रीनवर एक हिरवी चौकट भुऱ्याच्या डोळ्यावर जाऊन बसली ती हललीच नाही. मी बाजूला सरकलो, दोन्ही तोंडं एकामागे एक येतील असा कोन धरला. भुऱ्याची पापणी, पापणीचा केस न केस, डोळ्यात मावळतीचा ठिपका. मागे लाख्या मऊ, तांबूस, एखाद्या ढगासारखा. काय फोटो होता! मी चाळीसेक काढले.

‘आला का दोघांचा?’ काकांनी विचारलं.

‘एक नंबर आला,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी देवराव नवे दोर घेऊन आले. बैल विकला तरी जुनं दावं मालक आपल्याकडेच ठेवतो, तसं काकांनी दोन्ही दावी सोडून खांद्यावर टाकली. धुरपताकाकू तेव्हा दुसऱ्याच्या वावरात सोंगायला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत जोडी अर्ध्या वाटेला लागली होती.

आठ दिवसांनी मी मोठी प्रिंट, काचेची फ्रेम, वर वर्तमानपत्राचा कागद असा जामानिमा करून तांड्यावर गेलो. अंगणात सोंगलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे गंजी, रचलेली, थ्रेशरची वाट बघत. काकूंनी कागद फाडला. फ्रेम उन्हात धरली, मग सावलीत धरली, मग पदरानं काच पुसली.

‘लाख्या कुठी हाये?’

‘हा काय मागे. बघा ना.’

‘हे लाख्या होय?’ त्यांनी त्या तांबूस ढगावर बोट ठेवलं. ‘ह्याले तोंड नाई, डोये नाई. भुऱ्याच्या कानातला नंबर वाचता येऊन राह्यला अन् माया लाख्या धुक्कटात!’

‘काकू, ते मुद्दाम तसं असतं. त्यानं भुऱ्या उठून दिसतो.’

‘त्याले कायले उठून दिसाचं होतं? तो काय नवरदेव हाये?’ त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. ‘मी वावरात होतो जी. जातानी मले त्याइचं तोंड पाहाले भेटलं नाई. मनलं, फोटोत पाहीन.’

थावराकाका मात्र म्हणाले, ‘असू दे, असू दे. लय मेहनत घेतली डाक्टरनं.’ आणि त्यांनी ती फ्रेम हलक्या हातानं, उलटी, भिंतीला टेकवून ठेवली.

काकू बोलल्या ते मी सोसलं. काकांच्या समजूतदारपणानं मात्र मी पार खचलो. रोज बैल बघणारा मी, दोन खांद्यांवर एक जू असतं हे शाळेच्या पोरालाही ठाऊक असतं ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की मी डाक्टर राहत नाही आणि वऱ्हाडातलाही राहत नाही. मग मी मोबाइलवर बघितलेल्या हजार परक्या फोटोंचा होतो. त्या फोटोंत एकच डोळा असतो. माणसानं मला जोडी मागितली होती आणि मी त्याला एक पापणी नेऊन दिली.

त्या रात्री चाळीसही फोटो लॅपटॉपवर उघडले. जवळजवळ प्रत्येकात भुऱ्याचाच डोळा. एकात चुकून लाख्या लख्ख आला होता, पण त्यात भुऱ्याचं तोंड चौकटीबाहेर. मग मी लबाडी करायला बसलो. या फोटोतला लाख्या कापून त्या फोटोत चिकटवायचा. तासाभरानं बायको मागे येऊन उभी राहिली.

‘हा बैल त्याच्या शेजारी उभा आहे की त्याच्या कानातून उगवलाय?’

‘जमेल थोड्या वेळात.’

‘इंझोरी काय विलायतेत आहे का हो? बैल जिवंत आहेत. जाऊन काढा की.’

इतकी साधी गोष्ट. मी सगळा मोसम लेन्स बदलत होतो, जागा बदलायचं सुचलं नव्हतं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. काका यायला तयार होईनात. ‘इकलेल्या ढोरापाशी लवकर जाऊ नाई, डाक्टर. मंग ते नव्या मालकाच्या हातचं खात नाईत. त्याइचा जीव दोन्हीकून जाते.’ हे मला खोटं म्हणता येईना. अशी अन्नावाचून ताठ उभी राहिलेली जनावरं मी पाहिली आहेत. पण टोळीचा ट्रक आठ दिवसांवर आला होता आणि एकदा ते गेले की थेट उन्हाळ्यात परत. काका येत नाहीत, तर मी एकटाच जाऊन नुसत्या बैलांचा फोटो काढून आणतो, असं मी म्हणालो. काकूंनी मान हलवली.

‘तुमी एकटे नका जाऊ. मंग अजून एकच बैल आनान.’ मग नवऱ्याकडे वळल्या. ‘जा न. हात नका लावजा, दुरून उभे राहजा. पन जा.’

इंझोरीला पोचायला दुपार झाली. डोक्यावर रणरणतं ऊन, फोटोवाल्यांच्या भाषेत सर्वांत वाईट उजेड. देवराव सुडीवर ताडपत्री ओढत होते. मी कामाचं सांगितलं. त्यांनी काकांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, ‘आठ-दहा दिवस अर्धंच खाल्लं त्याइनं. कालपासून सुधरले.’ काका फाटकापाशीच्या खाटेवर, गोठ्याकडे पाठ करून बसले होते. गोठ्यातून लाख्यानं हंबरडा फोडला तेव्हाही ते वळले नाहीत. फक्त ग्लास खाली ठेवला.

देवरावच उठले. दोन्ही बैल सोडून आणले आणि दोर काकांच्या हातात दिले. ‘धरा. तुमचा हात लागला म्हनून मायं काई कमी होत नाई.’

काकांनी आधी खांदे पाहिले. अंगठ्यानं दाबून, केस उलटे फिरवून. मग बैलांच्या जागा बदलल्या. ‘लाख्या उजवीकून चालते, देवरावजी. डावीकून जुपला तं मान टाकते.’ देवरावांनी कपाळावर हात मारला. इतके दिवस लाख्याचं हे मान टाकणं ते बघत होते.

मी थोरली आणलीच नव्हती. धाकटी, आणि तिच्यावर सुयांच्या डब्याखालून काढलेली किट लेन्स. अ‍ॅपर्चर अकरा, म्हणजे भोक बारीक, म्हणजे पुढच्या खुरापासून मागच्या विजेच्या खांबापर्यंत सगळं स्पष्ट. मी मागे सरकत गेलो, पाठ कडुनिंबाला टेकेपर्यंत. चौकटीत काय काय आलं! निळा ड्रम, ताडपत्री, दोरीवरचं लुगडं, शेणाची पाटी. मधोमध काका, दोन्ही हातांत दोर, कॅमेऱ्याकडे बघत ताठ. एरवी मी त्या ड्रमसाठी जागा बदलली असती. त्या दिवशी ड्रमलाही येऊ दिलं. पाच वेळा खटका वाजवला आणि, देवराव खांद्यावरून डोकावत असताना, तिथेच मोठं करून तपासलं, चारही शिंगांची टोकं, दोन्ही टॅग, दोन्ही नाकपुड्या. सगळं चोख होतं. करकरणाऱ्या त्या लेन्सला मी तिथल्या तिथे हात जोडले.

नव्या फोटोची फ्रेम घेऊन गेलो तेव्हा काकूंनी ती सावलीत धरली नाही, पुसली नाही. लाख्याच्या कपाळावर बोट टेकवलं, मग भुऱ्याच्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाल्या, ‘काच काढा. प्लास्टिकात करून द्या.’

‘का? भिंतीवर नाही लावणार?’

‘भितीवर कोन पाह्यते? सहा महिने घराले कुलूप. तिकडं तोडीवर पालाच्या खोपटीत लावतो.’

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मानोऱ्याच्या स्टुडिओत लॅमिनेशन करून घेत होतो. ट्रक निघायला दोन दिवस होते. मशीनमधून प्रिंट बाहेर यायच्या आत देवरावांचा फोन आला. त्यांनाही एक फोटो हवा होता, जोडी आता त्यांच्या दारची.

‘देतो की,’ मी म्हणालो. ‘तुमच्या प्रिंटमधून थावराकाकांना काढून टाकतो. नुसती जोडी ठेवतो.’

मला वाटलं, मी फार शहाणपणाचं बोललो. पलीकडे थ्रेशर चालू होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

‘त्याले काहून काढता, डाक्टर? दोन्ही बैल त्याच्याचकडं पाहून राह्यले न! तो नसला तं पाहनारा म्हनीन, हे बैल कोनाची वाट पाह्यतेत?’

मी मशीनमधून निघालेली गरम प्रिंट हातात घेतली. शिंगांची टोकं मी तपासली होती, टॅग तपासले होते, नाकपुड्या तपासल्या होत्या. भुऱ्याची मान डावीकडून आणि लाख्याची उजवीकडून, दोघांचीही मधल्या माणसाकडे वळलेली होती. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टुडिओवाल्यानं विचारलं, ‘दुसरी कशी काढू?’

‘अशीच,’ मी म्हणालो.